खाऱ्या कोपऱ्यातलं भात

मसुरे,
१४ डिसेंबर

हौसाआते,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच चुलीत घालणार नाहीस, एवढ्या आशेवर लिहिते आहे. घरचा फोन तू उचलत नाहीस. तुझ्या शेजारच्या काशीमावशीच्या फोनवर केला की त्या "हौसा परड्यात गेली हा" म्हणतात. सकाळी परड्यात, दुपारी परड्यात. फोंडाघाटला एवढं मोठं परडं कुणाचं असेल असं वाटत नाही.

वाईट बातमी आधी सांगते. आपलं खाऱ्यातलं तांबडं भात गेलं. बियाण्याचं भात उकडलं गेलं. एक मूठही मागे राहिली नाही.

तू गेल्यावर मी घरी एक उद्योग सुरू केला आहे, तो तुला माहीत नसेल. कणकवलीच्या एका शाळेतल्या लिलियन टीचर शनिवारी पोरांना घेऊन आपल्याकडे येतात. कधी खाडीवर शिंपल्यातले मुळे काढायला, कधी काजूच्या रोपांना कलम कसं करतात ते बघायला, कधी नुसतं परड्यात फिरून कुठल्या पाल्याची भाजी होते ते ओळखायला. मी त्यांना शिकवते असं म्हणायला मला लाज वाटते. तू मला जे दाखवलंस ते मी त्यांना दाखवते, आणि मध्येच अडले की तू काय म्हणाली असतीस ते आठवत उभी राहते. पोरं तोवर चिखल एकमेकांच्या अंगाला लावून घेतात.

गेल्या शनिवारी उकडा तांदूळ कसा होतो ते दाखवायचं ठरलं. अंगणात तीन दगडांवर तांब्याचं भाण चढवलं, पोरांनी चुलीत काटक्या सारल्या. पहिली वाफ आली तेव्हा तो वास आला आणि मला तू आठवलीस. केस टॉवेलात बांधून भाणाशी उभी राहायचीस. एक दाणा नखाने फोडायचीस आणि तो माझ्या जिभेवर ठेवून विचारायचीस, "कच्चो काय शिजलो?" मी काहीही सांगितलं तरी तू स्वतः दुसरा दाणा फोडायचीस.

भात वाळत घालताना बाबांनी मूठभर हातात घेतलं आणि बोटांनी चाळलं. मग म्हणाले, "ह्या बी नाय मा?"

ते बीच होतं. पडवीत सगळ्या गोण्या एकसारख्या. चूक माझी झाली. मी बघायला हवं होतं.

आते, तू जाताना पेंढ्यात आवळून बांधलेल्या बियाण्याचा एक बिवळा डोक्यावर घेऊन गेली होतीस. त्यातलं काही शिल्लक असेल तर थोडं देशील का? आमच्यासाठी नको देऊस. असं लिहिते आहे खरं, पण दुसऱ्या कुणासाठी मागते आहे तेही मला सांगता येत नाही.

थंडी सुरू झाली आहे. गुडघ्यांना तेल लावत जा.

तन्वी


मसुरे,
९ जानेवारी

हौसाआते,

तुझं कार्ड आलं. तू लिहिलंस ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. "भाण कोणी चढयला? तू नाय. तुका ता उचलाक येणा नाय. खरा सांग आणि मगे बी माग."

तुझ्यापुढे मला कधीच खोटं बोलता आलं नाही, पण पत्रात जमेल असं वाटलं होतं.

भाण आईने चढवलं. गोणही तिनेच ओतली. पोरं जास्त आली होती. टीचर म्हणाल्या, प्रत्येकाच्या हाताला काही तरी काम लागलं पाहिजे. म्हणून आईने आणखी एक गोण घेतली. पोरांना कमी पडू नये म्हणून. ती मुद्दाम असं करेल असं तुला क्षणभरही वाटू नये, म्हणून मी तिचं नाव घेतलं नव्हतं. तुमच्यात जे झालं त्यानंतर तू हसशील अशीही भीती वाटली. तू हसणारी नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी वाटली.

आणि आणखी एक गोष्ट, जी तुला ठाऊक नाही. चार वर्षांपूर्वी आईने खालच्या मळ्यात बाजारचं बियाणं पेरलं आणि तू घर सोडलंस. ते भात वरच्या कोपऱ्यांत बरं आलं. पण खाडीकडच्या खाऱ्या कोपऱ्यात भरतीचं पाणी शिरलं आणि ते उभ्याउभ्या कुजलं. पुढच्या वर्षी आईने कुणाला न सांगता त्या कोपऱ्यात आपलं तांबडं पेरलं. मग दर वर्षी तेच. बाबांनी एकदा विचारलं तर म्हणाली, "जागा रिकामी कित्याक ठेवची?" त्यावर बाबा उठून बाहेर गेले. बाबा कधी बोलतात?

म्हणजे चार वर्षं बी आईनेच राखलं. फक्त बिवळा बांधायला तिला येत नव्हतं, मलाही येत नव्हतं. बिवळा टांगलेला असता तर त्याला हात लावायचा नसतो हे पडवीतल्या मांजरालाही कळलं असतं. गोणीत घातलं की सगळं भात सारखंच दिसतं.

मी या आठवड्यात बांधून बघितला. पेंढा भिजवला, पिळून दोर वळला, तू बसायचीस तशी पाय पसरून बसले. भात ओतलं, पेंढ्याची टोकं वर ओढून आवळली आणि लाकडाच्या दांड्याने ठोकत गोल केलं. उचलला तर खालून भाताची धार लागली. तू ठोकायचीस तेव्हा आवाज कसा यायचा ते मला आठवतं. आधी पोकळ, मग हळूहळू भरीव. शेवटी तू बिवळ्यावर थाप मारायचीस आणि म्हणायचीस, "आता ह्येका पाऊस पडासर झोप." लहानपणी मला वाटायचं आत खरंच कुणीतरी झोपलं आहे. मी कान लावून बसायचे.

माझी शाळा तिथेच सुरू झाली, आते. पहिलं अक्षर, ग, मी पाटीवर काढलं नाही. भाताच्या रोपांच्या तरव्यासाठी तू चिखल सारखा केला होतास, त्यावर जास्वंदीच्या काडीने काढलं. दुसऱ्या दिवशी तू त्यावर बी पेरलंस आणि मी रडले. तू म्हणालीस, "अक्षर खंय जाता? आता हिरवा होतला." पुढचे कितीतरी दिवस मी त्या हिरव्यात माझा ग शोधत होते.

हे पत्र आईला न दाखवता टाकते आहे. तिच्याबद्दल तिच्या पाठीमागे लिहिलं, त्याने बरं वाटत नाही. न लिहिलं असतं तरी बरं वाटलं नसतं.

तन्वी


मसुरे,
२१ मार्च

हौसाआते,

काल आई सकाळच्या गाडीने गेली. "कणकवलीक जावन येतंय" म्हणाली. परतली तेव्हा तिन्हीसांज झाली होती आणि तिच्या डोक्यावर तुझा बिवळा होता. बाबा खळ्यात उभे होते. त्यांनी तो तिच्या डोक्यावरून उतरवून घेतला आणि कितीतरी वेळ हातातच धरून ठेवला. खाली ठेवायची जागा त्यांना सुचेना.

तुझं दुसरं कार्ड आईच्या हाती लागलं होतं, हे मला आता कळलं. "बी घराच्या बायेन मागूचा लागता. सीतेक धाड." मी ते लपवलं होतं. आई जाणार नाही असं मी आपल्या मनानेच ठरवून टाकलं होतं.

तिने जे सांगितलं ते मी तसंच लिहिते. खरं किती ते तू ठरव. तिच्या सांगण्यात ती सगळीकडे शांतच होती.

ती म्हणते, तू दारात बसून कोकमं फोडत होतीस, आणि मान वर न करता म्हणालीस, "कोण गो ता?"

"मी सीता."

"खंयची सीता?"

"वन्स, उगीच नाटकां करू नकात. बी होया."

"बाजारात मेळता."

"बाजारातला खाऱ्यात कुजता."

"ह्या तुका कधी कळला?"

"पयल्याच वर्सा."

"मगे इतकी वर्सां सांगूक नाय ता?"

"तुमी इचारूक खंय इलात?"

यावर तू म्हणे कोकमाचं टोपलं बाजूला सारलंस आणि आत जाऊन चहा ठेवलास. आई म्हणते चहात साखर नव्हती आणि तू ती मुद्दाम घातली नव्हतीस. मी म्हटलं, विसरली असेल. "हौसा इसारता?" एवढंच म्हणाली.

आणि ती अट. आईने ती जेवता जेवता सांगितली, जशी काही गंमतच होती. "वन्स म्हणाली, ह्या बी ह्या वर्सा त्या शाळेच्या पोरांच्या हातान लावचा. मोठ्या माणसान येक रोप लावचा नाय. कबूल असात तर ने, नायतर हयच रवांदे." मी आईला विचारलं, "मग तू काय म्हणालीस?" "मी बिवळो उचललंय."

आते, मला या अटीची भीती वाटते. त्या पोरांना मी ओळखते. ती चांगली आहेत, पण चिखलात उतरली की ती पोरं राहत नाहीत, म्हशी होतात. ग्लिनिस म्हणून एक मुलगी आहे, तिला प्रत्येक गोष्टीचं मूळ बघायचं असतं. तिने गेल्या वर्षी मला न विचारता परड्यातली हळद रुजली का ते बघायला उपटून काढली, आणि पुन्हा लावली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उपटली.

तुझी अट आईने मानली आहे. मी अजून मानलेली नाही. हे तुला सांगितलं नाही तर फसवल्यासारखं होईल, म्हणून सांगते आहे.

तन्वी


मसुरे,
२४ जून

हौसाआते,

बी भिजत घातलं, तेव्हा बरंचसं वर तरंगलं. दोन पावसाळे बघितलेलं बी. गुडघ्यांमुळे गेल्या वर्षी तुला पेरता आलं नाही, हे तू आईला सांगितलंस आणि मला नाही. उरलेलं पिशवीत बांधून उबेला ठेवलं. मी दर तासाला पिशवीवर हात ठेवून बघत होते. शेवटी आई म्हणाली, "अगो, ता कोंबडी बसयल्यासारखा करू नको." मोड आले, पण निम्म्याहून कमी दाण्यांना. तरवा आता वीतभर झाला आहे. हिरवा आहे, पण विरळ. खारा कोपरा कसाबसा भरेल. एक रोपही फुकट घालवण्याइतकं नाही.

म्हणून विनंती करते आहे. या वर्षी आम्हा मोठ्यांना लावू दे. मी, आई आणि बाबा. ओळीने, हलक्या हाताने, एकही रोप मोडू न देता. दाणे हाती आले की पुढच्या वर्षी पोरांनी हवं तेवढं लावावं. मी तुला शब्द देते. हे भात पुन्हा गेलं तर आता कुणाकडे मागणार? तुझ्याकडचं संपलं. गावात दुसऱ्या कुणाकडे हे नाही. मी तीन वाड्यांत विचारून आले.

मी आईशीही बोलले. वाटलं ती माझ्या बाजूने उभी राहील. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तू पयल्यांदा लावलंस ता आठवता?"

आठवतं. मी शाळेत जायला लागले नव्हते. तू मला रोपांची एक जुडी दिलीस आणि तुझ्या शेजारी उभं केलंस. कसं लावायचं ते सांगितलं नाहीस. तू लावत गेलीस, मी बघत लावत गेले. माझी ओळ तुझ्या ओळीला जाऊन धडकली, मग परत फिरली. चिखल गुडघ्यापर्यंत, आत गार, वर कोमट. बोटांत काहीतरी वळवळलं तर तू म्हणालीस, "भियां नको, तो पण हयसरच रवता." दुसऱ्या दिवशी बघितलं तर माझी ओळ सरळ उभी होती. मी घरभर नाचले. बाबांना ओढत बांधाच्या मेरेवर घेऊन गेले.

आई म्हणाली, "ती ओळ तुझी नाय. सांजच्या वक्ताक जावन मी सगळी उपटलंय आणि सरळ लावलंय."

तिने भाकरी तव्यावर टाकली.

"तुझ्या आतेक सकाळी कळला. मेरेर उभी रवान माका म्हणाली, पोरीचा काम तू चोरलंस. त्या दिसापासना आमचा पटूक नाय. लोकांका वाटता बाजारच्या बियेवरसून भांडलो."

इतकी वर्षं मला ती ओळ आठवून बरं वाटायचं. शाळेत काही चुकलं, मुलाखतीत काही चुकलं, की मी स्वतःला सांगायचे, शाळेत जाण्याआधी मी सरळ ओळ लावली होती. तू मला कधी सांगितलं नाहीस. आईचं नाव खराब होऊ नये म्हणून, की माझा आनंद जाऊ नये म्हणून, ते मला ठरवता येत नाही.

माझी विनंती तरीही आहेच. आईने जे केलं ते मला आज समजतं. मीही तेच केलं असतं. म्हणून तर मला माझी भीती वाटते. उत्तर लवकर दे. तरवा थांबणार नाही.

तन्वी


मसुरे,
६ जुलै

हौसाआते,

अख्ख्या कार्डावर एकच शब्द. "नाय." खाली सहीसुद्धा नाही.

काल लावणी झाली. पाऊस होता, पण झोडपणारा नव्हता. लिलियन टीचर सगळ्यांत आधी उतरल्या आणि त्यांची एक चप्पल चिखलात गेली, ती अजून सापडलेली नाही. बाबांनी आदल्या दिवशी खाडीच्या बाजूची मेर पुन्हा बांधून घेतली होती. कुर्ल्यांची बिळं त्यांनी एकेक करून बुजवली. मी पोरांना कोपऱ्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेवर ठेवायला लावलं. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. ग्लिनिस म्हणाली, "टीचर, ह्यात भात कसा जगता?" टीचरनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. जगतं एवढं माहीत आहे.

मग मी जुड्या वाटल्या.  कसं लावायचं ते सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. मेरेवर उभी राहून मीच एक जुडी हवेत लावून दाखवली, बोटं कशी धरायची तेवढं, आणि तोंड बंद ठेवलं. ते मला किती जड गेलं ते तुला लिहून कळायचं नाही.

पोरांनी लावलं, आते. काही रोपं कोपरापर्यंत हात घालून खाली गाडली. काही पाण्यावर नुसती ठेवली. एक मुलगा पाठमोरा लावत आला आणि लावलेल्या रोपांवरच बसला. सगळी हसली, मग तोही हसला, मग त्याने बसल्या जागेची रोपं उचलून हळूच पुन्हा लावली. ग्लिनिस एकेक रोप लावून ते उभं राहतं का बघत बसायची, पडलं की पुन्हा. तिने सगळ्यांत कमी लावलं आणि सगळ्यांत शेवटी बाहेर आली. जेवायला आईने पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी केली होती. पोरं भांडून जेवली. गाडीत बसताना एक जण ओरडला, "आमचा भात बघूक येतलांव!" आमचा म्हणाला.

ती गेल्यावर मी घरात टिकू शकले नाही. संध्याकाळ होत आली होती. कुणाला काही न बोलता मी खाली मळ्यात गेले. खोटं कशाला बोलू, मी रोपं सारखी करायला गेले होते. सगळी नाही, फक्त जी तरंगत होती ती, आणि जी फार खोल गेली होती ती, आणि मधली एक ओळ, जी बघवतच नव्हती. साडीचा ओचा खोचून मी मेरेवर आले, तर तिथे आई बसली होती. पाय पाण्यात सोडून, हातात काठी घेऊन.

माझ्या मनात आलं, झालं, हिने सगळं सरळ केलं. मी कोपऱ्याकडे बघितलं. कोपरा होता तसाच होता. रोपं दहा दिशांना तोंडं करून उभी होती. पावसाने काही आडवी झाली होती.

मी विचारलं, "आये, तू हय काय करतंस?"

"बसलंय."

"कित्याक?"

"तू येतलंस म्हणान."

मी ओचा सोडला. तिने काठी बाजूला ठेवून मला बसायला जागा केली. आम्ही दोघी तिथेच बसलो. खाडीकडून गार वारा येत होता. पाणी मेरेच्या बरंच खाली होतं. आईला राहवत नव्हतं हे मला दिसत होतं. तिच्या पायाजवळ एक रोप तरंगत आलं, तिने ते उचललं, बोटांत फिरवलं, आणि पाण्यात परत सोडून दिलं. तुला खरं वाटणार नाही, पण ती चक्क हात मांडीखाली दाबून बसली.

अंधार पडायच्या आधी उठलो. वाटेत ती म्हणाली, "हौशेक पत्र लिवतंस?"

मी म्हटलं, लिहिणार आहे.

"मगे लिव तिका. मी हात लावूक नाय म्हणान. इस्वास नसलो तर येवन बग म्हणान."

तन्वी